परात लग्नाला गेली आहे

म्युझियममध्ये दोन गोष्टी कोणी न मागता जमतात. एक धूळ, दुसरे किस्से. धूळ झटकायला आमच्याकडे शेंडेभाऊ होते. म्हणजे सरकारची तशी समजूत होती! किस्से झटकायला कोणीच नव्हतं, म्हणून ते अजून माझ्यापाशी आहेत. परवा मैत्रिणी जमल्या, तर्री-पोह्याच्या प्लेटा हातात आल्या, आणि एकीनं विचारलंच, "काय वं, तू त्या म्युझियममध्ये इतकी वर्षं करत तरी काय होतीस?" मी म्हटलं, बस इथं. आणि पोहे थंड झाले तर मला बोलू नको.

सत्तर सालानंतरची गोष्ट. नागपूरच्या महाल भागात एका जुन्या बंगलीत आमचं म्युझियम होतं. नागपूर आणि आजूबाजूच्या गावांचा इतिहास, असं बोर्डावर लिहिलेलं. स्टाफ मोजून तिघांचा. मी गाईड. शेंडेभाऊ चपराशी. आणि आमचे क्युरेटर पोफळीसाहेब. साहेबांच्या बुशशर्टच्या खिशात पेनाऐवजी मऊ केसांचा ब्रश असायचा. वस्तूंमधून ते असे हळू चालायचे, की वाटायचं सगळ्या आजारी आहेत आणि नुकत्याच झोपल्या आहेत.

तर एक दिवस मुंबईच्या ऑफिसातून ऑर्डर आली. तुमच्या म्युझियममध्ये लोक येत नाहीत. लोकांचा सहभाग दाखवा, नाहीतर इमारत दुसऱ्या खात्याला जाईल आणि वस्तू खोक्यांत भरून वाडीच्या गोदामात ठेवल्या जातील. वाडी म्हणजे अमरावती रोडवर, जिथं ट्रक आणि पोती. साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. नुसते म्हणत राहिले, "खोक्यांत? माझ्या वस्तू खोक्यांत?" मला त्यांची फार कीव आली. बायको-पोरं गावाला गेली तरी हा माणूस इतका हवालदिल झालेला मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते ताठ होऊन आले. "आपण लोकांना आणायचं!"

शेंडेभाऊंनी तंबाखू चोळता चोळता विचारलं, "कुठून?"

* * *

पहिलं यश आम्हाला मे महिन्यानं दिलं. वस्तूंना ऊन लागू नये म्हणून साहेबांनी मोठ्या हॉलच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून घेतल्या होत्या. शेंडेभाऊ त्यांच्यावर पाणी मारायचे. बाहेर नागपूरचं ऊन, आत गार अंधार आणि वाळ्याचा वास. आठवडाभरात हॉल गच्च! साहेबांना वाटलं, इतिहासाची जागृती झाली. ते उत्साहानं हॉलमध्ये गेले तर जागृती दूरच, सगळे झोपलेले. भाले, ढाली, शिलालेख, आणि खाली ओळीनं माणसं.

साहेब म्हणाले, "असू द्या. आलेत तर खरे. मोजा."

मी म्हटलं, "साहेब, कुशीवर वळतात, दोनदा मोजले जातात."

त्यांत एक वानखेडे म्हणून होते. हिंगण्याला कारखान्यात रात्रपाळी करायचे आणि सकाळी मोटरसायकल सरळ आमच्या दारात लावायचे. गोंडांच्या भाल्यांखालची जागा त्यांची ठरलेली. दुसऱ्या कोणी तिथं पथारी टाकली तर भांडायचे. एक दिवस साहेबांनी त्यांना मोठ्या आशेनं विचारलं, "कसं वाटलं आमचं म्युझियम?"

वानखेड्यांनी डोळे चोळले, विचार केला आणि मनापासून सांगितलं, "मस्त आहे साहेब. कालच्याहून आज जास्त गार होतं."

* * *

मग साहेबांनी प्रोग्राम काढला, 'जुन्या माणसांच्या आठवणी'. कुठून तरी एक मोठा टेपरेकॉर्डर मागून आणला. पहिल्यांदा बोलावलं रामटेकेबाबांना. मिलमधून रिटायर झालेले, पांढऱ्या मिशा, आवाज खणखणीत. बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या दसऱ्याला ते मैदानावर होते. साहेब म्हणाले, प्रत्यक्ष पाहणारा माणूस! हे टेप झालंच पाहिजे.

चूक एकच झाली. आम्ही रामटेकेबाईंनाही सोबत बसवलं.

बाबांनी घसा साफ केला. "आम्ही पहाटेच घरून निघालो..."

"पहाटे कुठं जी? चांगलं उजाडलं होतं."

"अंधार होता वं."

"तुम्हाले असन अंधार. मी तवर भाकरी करून बांधल्या होत्या."

"भाकरी नाही, पोळ्या होत्या."

"करणारी मी, आणि सांगून राहिले तुम्ही!"

टेप फिरत होती. साहेब हात जोडत होते. भाकरी की पोळ्या, पोरगं कोणाच्या खांद्यावर होतं, वाटेत पाणी कोणी दिलं, एकेका गोष्टीवर खटला चालला. इतिहास घराच्या उंबऱ्याबाहेर पडेचना! शेंडेभाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "ताई, हे मैदानावर पोचेपर्यंत टेप संपते."

आणि खरंच, टेप संपायला आली तेव्हा दोघं एकदाचे मैदानावर पोचले. बाबा म्हणाले, "सगळीकडे पांढरंच पांढरं दिसे. हिनं पांढरी साडी नेसली होती."

मी कान टवकारले, आता बाई काहीतरी काढणार. पण बाईंनी पदर सारखा केला. मग हळूच म्हणाल्या, "हौ. पांढरी होती."

तेवढ्यात टेप संपली. तेवढं एकच वाक्य दोघांना मान्य होतं, आणि साहेब म्हणाले, तेवढं पुरे आहे.

* * *

आता मुख्य प्रोग्राम. 'आपल्या घरची जुनी वस्तू म्युझियमला द्या.' कल्पना साहेबांची, भोंगा लावलेली रिक्षा शेंडेभाऊंच्या भाच्याची. महालभर ओरडून झालं. लोक आले हो! वाडीच्या एका ट्रकवाल्यानं ट्रकचा भोंगा आणला. खापरखेड्याच्या वीज केंद्रातला एक कामगार जळालेला फ्यूज घेऊन आला. "पूर्ण कॉलनी अंधारात होती याच्यापायी," तो अभिमानानं म्हणाला. एका माणसानं आपल्या आजोबांचा काढलेला दात आणला. साहेबांनी तोही कापसावर ठेवून घेतला. त्यांना नाही म्हणायची भीती वाटायची.

आणि मग आल्या सोनकुसरे काकू. विणकरांच्या मोठ्या घरातल्या, आणि गल्लीत त्यांचा शब्द म्हणजे कायदा. मागे तीन गडी, गड्यांच्या डोक्यावर लाकडी बैल. बैल कसला, चाकांवर उभा राहिलेला डौल! गळ्यात कोरलेल्या घुंगुरमाळा, पाठीवर झूल, डोळे असे की आत्ता मान हलवेल. सोबत एक पितळी परात, तीत अख्खं पोरगं आंघोळ करू शकेल.

बाहेरगावच्यांना सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात, बाया ओवाळतात आणि पोरांच्या हातावर बोजारा म्हणून काहीतरी ठेवतात. काकूंचा बैल म्हणजे त्या मिरवणुकीतला पाटील.

साहेबांचे डोळे भरून आले. "काकू, हे तुम्ही आम्हाला देता?"

"देतो न. घरी ठेवाले जागा नाही. पण एक अट आहे साहेब. तान्ह्या पोळ्याले बैल घेऊन जाईन. आणि लग्नकार्याले परात."

जगात कुठल्याही म्युझियमनं ही अट मान्य केली नसती. पण साहेबांना वाडीचं गोदाम दिसत होतं. ते म्हणाले, "मंजूर!"

बस. ही बातमी महालात वाऱ्यासारखी पसरली. म्युझियमवाले वस्तू सांभाळतात, पुसतात आणि लागेल तेव्हा परत देतात! दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. समया आल्या, पाट आले, चौरंग आले, पाळणे आले. पाळणे तर आलटूनपालटून बाहेरच असायचे.

* * *

रामटेकेबाईंनी ती पांढरी साडी आणून दिली. साहेबांनी तिला काचेचं स्वतंत्र कपाट दिलं. दसरा आला आणि बाई दारात.

"साहेब, कपाट उघडा. साडी पाहिजे."

साहेब घाबरले. "बाई, जुनं कापड आहे. हवा लागू नये, घडी मोडू नये..."

"मंग मी आज काय नेसू?"

साहेबांनी स्वतः कुलूप उघडलं, साडी दोन्ही हातांवर घेतली आणि बाईंना दिली. दुसऱ्या दिवशी बाईंनी ती घडी करून परत आणली. काठाला मैदानाची माती लागली होती. साहेबांनी खिशातला ब्रश काढला. काठापर्यंत नेला. मग ब्रश परत खिशात ठेवला आणि कपाट लावून घेतलं.

* * *

काकूंच्या परातीची गोष्ट मात्र वेगळी. परात जुनी, काळवंडलेली. साहेब तिच्यासमोर उभे राहून कॉलेजच्या मुलांना सांगायचे, "हा रंग बघा. याला काळाचा लेप म्हणतात. हा जपायचा असतो."

एक दिवस काकू आपल्या माहेरच्या बायांना म्युझियम दाखवायला घेऊन आल्या. परातीसमोर थांबल्या. पाटी वाचली. 'सौजन्य : सौ. सोनकुसरे.' मग परात पाहिली. मग पुन्हा पाटी. त्यांचा चेहरा लाल झाला. तडक निघून गेल्या.

दुपारी साहेब बँकेत गेले होते. काकू चिंच आणि राख घेऊन आल्या, पदर खोचला आणि परसात बसून परात अशी घासली, अशी घासली की शेंडेभाऊंनी तिच्यात पाहून मिशा नीट केल्या. मी अडवायला गेले, तर म्हणाल्या, "तू बाजूले हो वं पोरी. अशी काळी परात पाहिली, तर तुझी पण सासू नावं ठेवन."

साहेब आले. परात सूर्यासारखी झगमगत होती. साहेब भिंतीला टेकले. "काकू! काळाचा लेप!"

"मळ म्हणा, मळ!" काकू कडाडल्या. "खाली माझं नाव लिहिलं, आणि वर हे असं काळंकुट्ट भांडं! माझ्या माहेरच्या बाया काय म्हणतीन? म्हणतीन, सोनकुसऱ्याच्या सुनेले परात घासता येत नाही!"

साहेबांनी त्या दिवसापासून देणगीदारांची नावं लहान अक्षरात लिहायला सुरुवात केली.

* * *

लग्नसराई आली की आमचं म्युझियम ओस पडायचं. वस्तूच नाहीत तर दाखवायचं काय? पण साहेब शिस्तीचे. रिकाम्या जागी ते सुंदर अक्षरात पाटी ठेवायचे. 'समई मुंजीला गेली आहे.' 'चौरंग सत्यनारायणाला गेला आहे.' आणि सगळ्यात मोठी, 'परात लग्नाला गेली आहे.'

अशात एका शाळेची सहल आली. पन्नासेक पोरं आणि एक कडक मास्तर. मास्तरांनी वर्गात परातीवर धडा घेतला होता म्हणे. आणि इथं पाटी! मास्तर संतापले. "आम्ही पोरांना एवढ्या उन्हात आणलं. परात दाखवल्याशिवाय जाणार नाही!"

शेंडेभाऊ म्हणाले, "जवळच आहे. तिसऱ्या गल्लीत. चाला."

अहो, सगळी शाळा दोन-दोनच्या रांगेत मांडवात शिरली. परातीत बुंदीचा डोंगर होता. मास्तर शिकवायला लागले, "मुलांनो, ही परात..." तर नवरीचे बाप हात जोडून पुढे आले, "गुरुजी, पोट्ट्याईले उभं काहून ठेवलं? पंगत लागली आहे न!"

पोरं जेवली. मास्तर जेवले. मीही जेवले, खोटं कशाला बोलू. निघताना एका चिमुरडीनं मला विचारलं, "ताई, पुढचं म्युझियम केव्हा आहे?"

* * *

आणि मग इन्स्पेक्शन. मुंबईचे मोठे साहेब स्वतः येऊन पाहणार आणि ठरवणार होते, म्युझियम राहणार की वाडीच्या गोदामात जाणार. दिवस कोणता? तान्हा पोळा! मुंबईला बिचाऱ्यांना काय ठाऊक, असा काही सण असतो म्हणून.

साहेब आदल्या संध्याकाळी काकूंकडे गेले. मी सोबत होते. साहेब म्हणाले, "काकू, एवढ्या वेळी बैल राहू द्या. उद्या तो दिसला नाही तर सगळं जाईल. मी हात जोडतो."

काकूंनाही वाईट वाटलं, ते मला दिसलं. पण त्या म्हणाल्या, "साहेब, बैल थांबन हो. पण गल्लीतले पोट्टे थांबतीन का? वर्षभर वाट पाहून राहिले ते."

परत आल्यावर साहेब पाट्या लिहायला बसले.

सकाळी मोठे साहेब आले. सफारी सूट, हातात ब्रीफकेस, चेहरा इस्त्रीचा. पहिल्या कपाटापाशी थांबले. 'परात पुरणपोळ्यांना गेली आहे.' दुसऱ्यापाशी थांबले. 'पाट पाहुण्यांना गेले आहेत.' मधल्या मोठ्या चौथऱ्यावर नुसत्या चाकांच्या खुणा आणि पाटी, 'बैल पोळ्याला गेला आहे.' साडीच्या कपाटापाशी मात्र थोडा वेळ उभे राहिले, कारण साडी होती. बाकी आजोबांचा दात जागेवर होता. तो कोणी मागायला आलं नव्हतं.

"प्रेक्षक कुठे आहेत?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

शेंडेभाऊंनी भाल्यांखाली बोट दाखवलं. वानखेडे घोरत होते.

मोठ्या साहेबांनी ब्रीफकेस बंद केली. "मिस्टर पोफळी, हे बंद करणंच बरं. निदान वस्तू खोक्यांत सुरक्षित तरी राहतील."

पोफळीसाहेब खिशातला ब्रश काढून रिकामा चौथरा झाडायला लागले. मला रडूच फुटलं. काय करू, फुटलं!

तेवढ्यात बाहेर ढोल वाजले. दारात काकू, हातात आरतीचं ताट. मागे सजलेला बैल, शिंगांना बेगड, गळ्यात झेंडूची माळ. त्याच्यामागे महालातले जेवढे म्हणून लाकडी बैल, तेवढे सगळे, आणि पोरं, आणि पोरांच्या आया. रामटेकेबाबा आणि बाईही, ढोल कोणाचा यावर भांडत.

पोफळीसाहेब गोंधळले. "काकू, इथं कशाला? मिरवणूक तर..."

"वा! बैल राहते इथं, मंग पहिला मान कोणाचा?" काकू म्हणाल्या. मग त्यांची नजर सफारी सूटवर गेली. "हे कोण पाहुणे?"

शेंडेभाऊ कधी म्हणून आडपडदा ठेवत नसत. "म्युझियम बंद कराले आले आहेत."

ढोल थांबले. मोठे साहेब एक पाऊल मागे सरकले. पण काकू शांत. त्यांनी आधी बैलाला ओवाळलं, मग त्याच ताटानं मोठ्या साहेबांना ओवाळलं. "पोट्ट्याईले बोजारा द्या."

"अहो बाई, मी सरकारी कामावर आलोय!"

"मंग सरकारचा द्या. पण द्या!"

त्यांनी खिसे चाचपले आणि जी नोट हाताला लागली ती दिली. काकूंचा चेहरा निवळला. घरच्या पाहुण्याशी बोलावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"

"कोकणात. आमच्याकडे बैलांचं नाही एवढं. आमच्याकडे गणपती."

"मंग घरी जुनं काही असन न?"

मोठे साहेब जरा घुटमळले. "आईचं मोदकपात्र आहे. तांब्याचं. आता बायको कुकरमध्येच करते मोदक. ते आहे तिकडे... माळ्यावर, खोक्यात."

"खोक्यात?" काकूंनी कपाळाला हात लावला. "आईचं भांडं? गणपतीले पण नाही काढत? अरे देवा!"

मोठे साहेब बैलाकडे पाहत राहिले. मग घड्याळ पाहिलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघून गेले. बंद की चालू, एक शब्द बोलले नाहीत. ढोलाच्या आवाजानं वानखेडे उठून बसले होते. म्हणाले, "आज फार गर्दी आहे बाप्पा."

* * *

त्यानंतर आमचे जे हाल झाले ते विचारू नका. पोस्टमनची सायकल दिसली की पोफळीसाहेब पाणी प्यायचे. ऑर्डर येईना आणि रद्दही होईना. हिवाळ्यात मुंबईहून एक पार्सल आलं. साहेबांनी घाईघाईनं सोडलं. आत तांब्याचं मोदकपात्र, झाकणाला पोचा आलेला. सोबत मोठ्या साहेबांच्या नावाचं कार्ड, बाकी चकार शब्द नाही.

"याचा अर्थ काय घ्यायचा?" साहेबांनी मला विचारलं.

मला काय ठाऊक! साहेबांनी त्याला कपाट दिलं, पाटी लिहिली. शेंडेभाऊंनी हरकत घेतली, "हे नागपूरच्या इतिहासात कसं बसन?" साहेब म्हणाले, "शेंडे, तुम्ही ताट्या ओल्या करा." ताट्या तर केव्हाच काढून ठेवल्या होत्या.

उन्हाळा गेला, पाऊस आला. तरी पत्ता नाही. साहेब वाळून काडी झाले. तान्हा पोळा जवळ आला, काकू बैलाच्या शिंगांना रंग द्यायला आमच्याच व्हरांड्यात बसल्या होत्या, आणि तारवाला आला. तार मुंबईहून, मोठ्या साहेबांची. साहेबांनी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. फोडायची हिंमत होईना.

"फोडा न साहेब," काकू म्हणाल्या. ब्रश त्यांच्या हातातच थांबला होता.

साहेबांनी तार फोडली. वाचली. चष्मा काढला, बुशशर्टच्या टोकानं पुसला, परत वाचली. मग मटकन बैलाशेजारी पायरीवर बसले आणि तार माझ्यापुढे धरली. मी मोठ्यानं वाचली.

"मोदकपात्र ताबडतोब पाठवा. गणपती शनिवारी. विसर्जनानंतर म्युझियममध्ये परत जागेवर ठेवतो."